हाक आणि साखळी

आमचा कुत्रा बोलावल्यावर येत नसे. त्या वर्षी घरात आम्ही तिघं माणसं होतो, आई, बाबा आणि मी, आणि तिघांनाही या एका गोष्टीने जेरीस आणलं होतं. सगळ्यात जास्त मला, कारण मला माझ्या आवाजाचा फार गर्व होता. मी मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. साठ मुलींचा वर्ग माझ्या एका ‘हं’वर चिडीचूप व्हायचा. प्रयोगशाळेतला शिपाईसुद्धा मी व्हरांड्यात दिसले की विडी विझवायचा. आणि हा प्राणी, मी फाटकात उभी राहून घसा फोडत असताना, समोरच्या गल्लीत केळीच्या सालीचा सावकाश वास घेत असायचा. एक कान माझ्याकडे वळलेला असे. म्हणजे ऐकू येत होतं, यायचं मात्र नव्हतं.

कुत्रा तसा माझा नव्हता, धाकट्या भावाचा होता. नव्वदीच्या मध्यावरची ती वर्षं. संगणकाचे वर्ग गल्लोगल्ली निघाले होते, आणि कालपर्यंत बॅडमिंटन खेळणारी पोरं बघता बघता व्हिसाच्या रांगेत जाऊन उभी राहत होती. आमचा भाऊही असाच अमेरिकेला गेला. जाण्याच्या दोन वर्षं आधी त्याने रेल्वेच्या क्वार्टर्समधून हे पिल्लू उचलून आणलं होतं. बाप कुणा साहेबाचा अल्सेशियन, आई रस्त्यावरची. बापाकडून कान मिळाले, आईकडून अक्कल. भावाने कुठल्याशा पुस्तकात बघून त्याला इंग्रजीत शिकवलं होतं. ‘कम’, ‘सिट’, ‘स्टे’. तो होता तोवर ‘कम’ म्हटलं की कुत्रा यायचा. तो गेला आणि दोन-तीन महिन्यांत सगळं इंग्रजी कुत्रा विसरला, निदान आम्हाला तसं वाटलं.

आमचं घर तारनाक्याला, मोठ्या रस्त्यापासून आत वळणाऱ्या गल्लीत तिसरं. मी शाळेत होते तेव्हा त्या मोठ्या रस्त्यावर सायकली, रिक्षा आणि तासाला चार बसगाड्या असायच्या. आता ज्याच्या त्याच्या दारात मारुती आली होती, आणि नव्या मोटारसायकलींवरची पोरं तर रस्ता आपल्यालाच आंदण दिल्यासारखी जायची. कुत्रा फाटकातून निसटला की थेट त्या रस्त्याकडे सुटे. मग मी त्याच्यामागे, माझ्यामागे बाबा, बाबांच्या मागे आईचा आवाज. त्याला ते सगळं फार आवडायचं. चार हातांवर येऊन थांबायचा, पुढचे पाय वाकवून बघायचा, आणि मी हात पुढे केला की पुन्हा पसार. गल्लीतली माणसं चहाचे कप घेऊन गच्चीत यायची. ‘मॅडम, डाव्या बाजूने घेरा,’ असे सल्लेही मिळायचे.

एकदा तो असाच रस्त्यावर गेला आणि एक गाडी करकचून ब्रेक दाबून त्याला लागून थांबली. मांडीची कातडी सोलवटली, बाकी वाचला. गाडीवाला मला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्याचं चूक नव्हतं. त्या दिवशी दुपारी मी कुत्र्याच्या जखमेला हळद लावत असताना आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आता एकदा जरी पळाला ना, तर सरळ घटकेसरला पाठवायचं. गाडीखाली गेलेला मला बघवणार नाही."

शहराबाहेर घटकेसरला बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याचं शेत होतं. राखणीला कुत्रा हवाच आहे, असं ते दोनदा म्हणून गेले होते. मी ते शेत पाहिलं होतं. पंपाच्या खोलीशेजारी एक खुंटी होती आणि आधीच्या कुत्र्याने तिच्याभोवती गोल गोल फिरून जमीन खरवडून टाकली होती. आणि खरं सांगायचं तर मला कुत्र्याइतकीच बाबांची काळजी होती. बाबा कोर्टात शिरस्तेदार होते, नुकतेच निवृत्त झाले होते, आणि पाठोपाठ मुलगा परदेशी गेला होता. दिवसच्या दिवस ते वर्तमानपत्र घडी घालायचे आणि उलगडायचे. संध्याकाळी कुत्र्याला युनिव्हर्सिटीच्या आवारात फिरवायला न्यायचं, तेवढ्यासाठी चपला घालायचे. कुत्रा गेला असता तर त्या चपला कोपऱ्यातच राहिल्या असत्या. आई म्हणाली ते त्यांनी ऐकलं, आणि वर्तमानपत्राची आणखी एक घडी घातली.

आमच्या मागच्या भिंतीला लागून एक चाचा राहायचे. पोलिसात नोकरी झाली होती, तीही सगळी कुत्र्यांबरोबर. निवृत्तीनंतर त्यांनी गुलाब लावले होते आणि कुत्रा पाळला नव्हता. ‘बहुत हो गया,’ म्हणायचे. त्या गाडीच्या प्रकारानंतर मी लाज बाजूला ठेवून भिंतीपाशी गेले आणि म्हटलं, "चाचा, याला हाकेला यायला शिकवा ना."

"शिकाने की बात बाद में," ते म्हणाले. "पैले ये बोलो, तुम लोगां उस कू कब कब बुलाते?"

मी कधी मोजलं नव्हतं. मग त्यांनी मला कामाला लावलं. एक दिवसभर जेवढ्या वेळा हाक माराल तेवढ्या वेळा कागदावर लिहायचं, आणि पुढे लिहायचं, तो आल्यावर काय केलंत. मला हे आवडलं. निरीक्षण आणि नोंद, माझाच प्रांत. चाचणीच्या उरलेल्या पेपराच्या पाठीवर मी दोन रकाने पाडले आणि रविवारचा दिवस धरला.

संध्याकाळी तो कागद वाचताना माझा चेहरा उतरला. सकाळी आईची आंघोळ झाली, हाक मारली, साखळीला बांधलं. पूजेसाठी दार उघडलं, हाक मारली, परसातून काढून बाजूच्या बोळात बांधलं. दूधवाला आला, बांधलं. बाबांचे स्नेही आले, बांधलं. दुपारी हाक मारून आंघोळ घातली. हाक मारून कानात औषध टाकलं. फिरून परत निघताना हाक मारली आणि पट्ट्याला साखळी अडकवली. अकरा हाका, नऊ वेळा साखळी, एकदा साबण, एकदा औषध. जेवणासाठी एकही हाक नव्हती, कारण त्याची थाळी ठरलेल्या वेळी मागच्या पायरीवर ठेवलेली असे आणि तिथे तो आपणहून अर्धा तास आधी हजर असे.

चाचांनी कागद वाचला नाही, मीच वाचून दाखवला. ते गुलाबाची वाळकी पानं खुडत ऐकत होते.

"उस के वास्ते बुलाना बोले तो जेल," ते म्हणाले. "मैं रहा तो मैं बी नै आता."

यातल्या निम्म्या साखळ्या आईच्या सोवळ्याच्या होत्या. आई नांदेडकडची, कडक घरातली. आंघोळ करून रेशमी सोवळं नेसली की देवाला नैवेद्य दाखवून होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. आम्हीसुद्धा नाही, मग कुत्र्याचं तर नावच नको. तो शेपूट हलवत जवळ आला की ती भिंतीला चिकटून ओरडायची, "अगं, धर त्याला, धर!" मग मी हाक मारणार आणि मी बांधणार. सोवळं ती पाळायची आणि त्याची किंमत माझ्या हाकेला मोजावी लागायची. हे मी तिला चढ्या आवाजात ऐकवलं. ती म्हणाली, "माझ्या देवाला मध्ये आणू नकोस. तुला कुत्रं बोलावता येत नाही, ते बोल." आम्ही दोघी तापट. बाबा अशा वेळी बागेला पाणी घालायला जात.

चाचांचे नियम थोडे होते. ‘कम’ हा शब्द बाद, तो आता नासला. बांधायचं असेल तर हाक मारायची नाही, आपण उठून त्याच्यापाशी जायचं. नवी हाक शोधायची, आणि त्या हाकेवर तो आला की त्याला जगातली सगळ्यात आवडती वस्तू द्यायची आणि लगेच सोडून द्यायचं. "दे के छोड दो. छोडना जरूरी है. दस बार बुलाए तो दस बार छोडना." आवडती वस्तू म्हणून त्यांनी कलेजी सुचवली. मी भिंतीवरून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं, त्यांनीही बघितलं, आणि तो विषय तिथेच संपला.

मी बिस्किटं आणली. त्याने ती घेतली, पण पाहुण्याच्या घरी नको असलेला चहा घ्यावा तशी. पोळी, दशमी, शेंगदाणे, सगळं करून पाहिलं. अंगणात दुसरं काही नसेल तर तो यायचा. भिंतीवर खार दिसली की माझी दशमी आणि मी, दोघीही त्याच्या लेखी नसायचो.

उत्तर घरातच होतं आणि ते मला नाकाने सापडलं. आई आठवड्यातून एकदा लोणी कढवायची. देवाच्या निरांजनालाही तेच तूप, म्हणून तेही सोवळ्यात. तूप गाळून झालं की पातेल्याच्या बुडाशी खरपूस तपकिरी बेरी उरते. आम्ही भावंडं लहानपणी त्या बेरीवर साखर घालून भांडत भांडत खायचो. आता भाऊ नव्हता, मी डाएट करत होते, आणि बाबांच्या रक्तात काहीतरी वाढल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एक दिवस कॉलेजातून आले तर बोळात बांधलेला कुत्रा गाणं म्हणत होता. दुसरा शब्द नाही. मान वर करून, डोळे मिटून, स्वयंपाकघराच्या दिशेने.

मी त्याला सोडलं. तो धावत मागच्या दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याबाहेर बसला. आत आई पातेलं खरवडत होती. तिने त्याच्याकडे बघितलं, उलथन्याच्या टोकावर बेरीचा खडा घेतला आणि माहेरी खेड्यात कुत्र्याला भाकरी टाकताना म्हणायचे तसं म्हणाली, "यूऽ यू यू." खडा अंगणात लांब फेकला. तो झेपावला, खाऊन परत आला. पुन्हा "यू यू," पुन्हा खडा. चार-पाच वेळा असं झालं. मग पातेलं घासायला टाकून ती आत निघून गेली. माझ्या लक्षात आलं की हे काही आज पहिल्यांदा होत नव्हतं. मी कॉलेजात असताना दर आठवड्याला हा कार्यक्रम चालू होता. घरात कुत्र्याच्या नावाने सगळ्यात जास्त बोटं मोडणारी बाईच त्याला चोरून बेरी घालत होती.

चाचा भिंतीवरून बघत होते. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"भाभी कू शिकाने की जरूरतच नै," ते म्हणाले. "भाभी बुलाते, देते, और पकडते नै. छूनाच नै ना उन कू! इस वास्ते वो भाभी पे भरोसा करता."

आई आतून म्हणाली, "मला काही हौस नाही," आणि पाच मिनिटांनी चाचांच्या घरी वाटीभर तूप पाठवलं.

मग आमचं शिक्षण सुरू झालं. माझं म्हणायला हवं, कुत्र्याचं झालेलंच होतं. बेरी कणकेत मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून तव्यावर भाजायच्या, त्या ओढणीच्या टोकाला बांधून ठेवायच्या. ‘यू यू’ म्हणायला मला आधी लाज वाटायची. एम.एस्सी. झालेली बाई गल्लीत उभं राहून यू यू करते, हे पाहून समोरच्या मुली फिदीफिदी हसायच्या. पहिले आठ दिवस फक्त घरात. मग अंगणात, फाटक बंद. मग गल्लीत, कपडे वाळत घालायची लांब नायलॉनची दोरी पट्ट्याला बांधून. चाचा खुर्ची टाकून बसत आणि माझ्या चुका मोजत.

माझी मोठी चूक म्हणजे मी एकाच दमात पाच हाका मारायचे, आणि प्रत्येक पुढची हाक आधीच्या हाकेपेक्षा वर्गात मारल्यासारखी.

"एक बार," चाचा म्हणायचे. "एक बार बोल के चुप. नै आया तो गलती तुम्हारी, कुत्ते की नै. तुम उस की ताकत से बड्डा इम्तिहान रखे."

हे मला लागलं. माझ्या अर्ध्या वर्गाची वर्षाच्या शेवटी विकेट जायची, आणि ती त्यांचीच चूक आहे असं मी बिनदिक्कत समजत आले होते. एका संध्याकाळी युनिव्हर्सिटीच्या आवारात झाडीतून मोर निघाला. माझ्या हाकेला भीक न घालता कुत्रा त्याच्यामागे गेला, दोरी माझ्या तळहातातून सरसर घासत गेली. हात पोळला. मी दोरी सोडून दिली आणि बाबांना म्हटलं, "पाठवा याला घटकेसरला, मी थकले." बाबांनी कुत्रा परत यायची वाट पाहिली, त्याच्या पट्ट्याची दोरी उचलली, आणि मोर दिसणार नाही इतक्या लांब जाऊन स्वतः हाक मारली. बाबांच्या तोंडून ‘यू यू’ मी पहिल्यांदाच ऐकलं. कुत्रा आला. बाबांनी गोळी दिली आणि त्याला सोडून दिलं. मग वीस पावलं मोराच्या दिशेने, पुन्हा एक हाक. कोर्टात एका तारखेने काही होत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

पावसाळा सरत आला तोवर तो दोरीशिवाय येऊ लागला होता. खार असली तरी, गल्लीत क्रिकेट चाललं असलं तरी, मटणाच्या दुकानासमोरूनसुद्धा दहात आठ वेळा. घरातही बदल झाला. आईच्या पूजेच्या वेळी मी त्याला बोलवून बांधणं सोडलं होतं. बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराला गुडघाभर उंचीची फळी बसवली. फळीच्या आत आईचं सोवळं, बाहेर तो मोकळा. दोघं एकमेकांकडे बघत बसायची. पण पळाला तर घटकेसर, हे आईचं वाक्य अजून कायम होतं. तिने ते मागे घेतलं नव्हतं आणि आम्हीही विचारायचं धाडस केलं नव्हतं.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या. दुसऱ्या दिवशी मोठा नैवेद्य, पुरणपोळी, सोळा भाज्या, सवाष्णी जेवायला. आई पहाटेपासून सोवळ्यात. त्या दिवशी मी फाटकात जाऊन फुलवालीकडून शेवंती, तेरडा, केवडा घेतला, दोन्ही हात भरले म्हणून फाटक पायानेच ढकललं आणि आत आले. कडी लावली नाही. दुसऱ्या कुणावर ढकलण्यासारखं यात काही नाही. दहा मिनिटांनी बाबांनी विचारलं, "कुत्रा कुठंय?" आणि मला कडी आठवली.

मी अनवाणी धावले. गल्लीच्या तोंडाशी पोहोचले तर तो मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होता. तिकडून शेळ्यांचा कळप चालला होता आणि हा त्यांच्यामागे नाक लावून. मी हाक मारली, ‘यू यू’च मारली, पण तिची किंकाळी झाली. तरी त्याने वळून बघितलं. बघितलं आणि यायला निघाला, सरळ रस्त्यावर उतरला, आणि त्याच क्षणी बस आली. मीच त्याला बसखाली बोलावलं होतं. हॉर्न वाजला, तो दचकून मागे उडी मारून कडेला गेला, शेपूट पायात. आणि मग मी सगळं शिकलेलं विसरले. वर्गातला आवाज काढून ओरडले, "कम! कम हिअर!"

तो माझ्याकडे पाठ करून चालू लागला. माझ्यापासून दूर, रस्त्याच्या कडेने, गाड्यांना लागून.

"गप. एक शब्द बोलू नकोस," माझ्या मागून आई म्हणाली.

आई रस्त्यावर आली होती. डाळिंबी रेशमी सोवळं, अनवाणी, कपाळावर चुलीचा घाम, आणि तिच्या हातात तव्यावरून उचललेली पुरणपोळी. सोवळं नेसून आई कधी अंगणाच्या पायरीखालीही उतरलेली मी पाहिली नव्हती. बसथांब्यावरची माणसं बघत होती. मी पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात तिने हात आडवा धरला. "थांब. लॉरी जाऊ दे." लॉरी गेली. तिच्यामागून एक ऑटो गेला. मग एक स्कूटर. कुत्रा लहान लहान होत चालला होता आणि ती थांबूनच राहिली. मला वाटलं, ही वेळ घालवणार. रस्ता दोन्हीकडे मोकळा झाला, तेव्हा तिने एकदाच, मागच्या दारातून म्हणायची तशी, हाताशी दुसरं काम असल्यासारखी हाक मारली. "यूऽ यू यू."

तो थांबला. मान वळली, मग अंग वळलं. शेळ्या मधेच होत्या, त्यांच्यामधून तो त्यांच्याकडे न बघता आला. रस्ता ओलांडून थेट आईच्या पायाशी. आई वाकली. गुडघे दुखत होते तरी वाकली, उजव्या हातातली पोळी त्याच्या तोंडाशी धरली आणि डाव्या हाताने त्याच्या गळ्यातला पट्टा गच्च पकडला. त्याला तिने हात लावलेला मी जन्मात पाहिला नव्हता. तिचा पदर रस्त्याच्या धुळीत पडला होता आणि ती त्याला म्हणत होती, "खा माय, खा."

परत येताना मी त्याचा पट्टा घ्यायला गेले तर तिने दिला नाही. मी म्हटलं, "आई, सोवळं."

"दिसतंय मला."

"ती पोळी नैवेद्याची होती?"

"पहिलीच होती," ती म्हणाली. "तव्यावर दुसरी आहे, ती जळायच्या आत जा."

जळलीच होती. आईने पुन्हा आंघोळ केली, पुन्हा सोवळं नेसलं, पुरण सोडून सगळा स्वयंपाक पुन्हा केला. पुरणाचं पातेलं झाकलेलं होतं आणि त्याला कुणी शिवलं नव्हतं, असं तिने देवापुढे मोठ्याने सांगून टाकलं. महालक्ष्म्या दुपारी तीनला जेवल्या. सवाष्णी उपाशी बसल्या होत्या, पण कुणी कुरकुरलं नाही, कारण बाबांनी प्रत्येकीला सगळी हकिगत सविस्तर सांगितली. बाबांना इतकं बोलताना मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

मी मात्र दिवसभर जीव मुठीत धरून वाढत होते. कारण तो पळाला होता. एकदा जरी पळाला तर, असं आई म्हणाली होती, आणि आई बोललेलं मागे घेत नसे. सवाष्णी ओट्या घेऊन गेल्या, भांडी आवरली, आई ओटीवर पाय पसरून बसली. शेवटी बाबांनीच विषय काढला. बाबा कायद्याचे माणूस, टाळाटाळ त्यांना जमायची नाही. घसा खाकरून म्हणाले, "मग घटकेसरला निरोप पाठवायचा का?"

"कशाला?" आई म्हणाली.

"नाही, तुझं ते ठरलं होतं. पळाला तर म्हणून."

"पळाला कुठे? हाक मारली, आला." आईने पाय चोळत आमच्या दोघांकडे बघितलं. "आणि एवढं सगळं सोडून बिचारं माझ्या हाकेवर आलं, आता त्याला लोकाच्या दारी बांधू? मग त्याने यायचं तरी कुणाच्या हाकेवर?"

बाबांनी उभा जन्म युक्तिवाद ऐकण्यात काढला होता. ते "बरोबर आहे" म्हणाले आणि उठून चपला घालू लागले. फिरायची वेळ झाली होती. मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. मग मी तोंडात ओढणी धरून पोटभर रडले, आणि इतकं हलकं वाटलं की बाबांनी दोनदा हाक मारली तरी मला उठवेना.